पुढचं मडगार्ड आधी: पावसाळ्यासाठी सायकल तयार करताना

भाची साताऱ्याहून इंजिनिअरिंगला पुण्यात आली ती चुलतभावाची जुनी हायब्रिड (रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली) सायकल सोबत घेऊन. राहते आमच्याकडे कोथरूडला, कॉलेज शिवाजीनगरला. जूनच्या पहिल्याच आठवड्यात वळवाची जोरदार सर आली आणि ही बया कर्वे रोडने तशीच सायकल हाणत घरी आली. दारातच मामीने थांबवलं. मानेपासून कमरेपर्यंत पाठीवर चिखलाचा सरळ पट्टा, रंगाचा ब्रश ओढावा तसा.

"मामा, मागे एक मडगार्ड लावून दे ना."

मी म्हटलं, "आधी बूट काढ."

उजवा बूट उलटा केला तर त्यातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. मोज्यात वाळू. चेनवरून बोट फिरवलं तर कचकच लागली. पाठीवरचा पट्टा लोकांना दिसतो, म्हणून सगळे मागचं मडगार्ड मागतात. पायांची आणि चेनची वाट लावतं पुढचं चाक, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. नवीन सायकल घेतलेल्या दहा जणांना मी हे सांगितलं असेल. त्यातल्या बहुतेकांनी तरी सीटच्या दांड्याला अडकवायचं एक प्लॅस्टिकचं शेपूट घेतलंच, आणि जुलै महिना कोरड्या पाठीने आणि ओल्या बुटांनी काढला. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं.

पाणी उडतं कसं ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. टायरला चिकटलेलं पाणी सुटतं ते त्या क्षणी टायरचा तो भाग ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने. सायकल पुढे जात असते तेव्हा चाकाची मागची बाजू जमिनीकडून वर चढत असते. म्हणून जमीन सोडल्या सोडल्या उडणारं पाणी मागे जातं, एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, उंचीवरून सुटणारं सरळ वर, आणि चाकाच्या डोक्यावरून सुटणारं पुढे. आता पुढच्या चाकाच्या मागे काय आहे बघा: तुमचे पाय, पायडल, चेन, आणि पायडलच्या मधलं बेअरिंग. खड्ड्यातलं सगळं गढूळ पाणी तिथेच आपटतं. पुढचं मडगार्ड एक्सलच्या उंचीपर्यंतच असेल, तर पायांकडे जाणारं पाणी त्याच्या खालून आरामात निघून जातं. त्यामुळे लांबी हवी, आणि ती खालच्या बाजूला हवी.

गंमत अशी की हे आपल्या आजोबांच्या पिढीला शिकवावं लागलं नाही. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, त्या काळातल्या काळ्या सायकलींना लोखंडी मडगार्ड कारखान्यातूनच यायचं, दोन्ही चाकांना आणि भरपूर लांब. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे गेलात तर जुन्या सायकलींची मडगार्डं मुद्दाम वाकून बघा. गिअरच्या सायकली आल्या, वजन कमी दिसायला हवं झालं, आणि मडगार्ड 'वेगळं घ्यायची वस्तू' होऊन बसलं.

विकत घेण्याआधी सायकलीपाशी उकिडवं बसा

दुकानात जाऊन "हायब्रिडचं मडगार्ड द्या" म्हणू नका. पाच मिनिटं सायकल बघा आणि चार गोष्टी कागदावर लिहून घ्या.

पहिली टायरची. टायरच्या कडेला उठावाच्या अक्षरांत आकडे असतात. भाचीच्या टायरवर ७०० x ३५ आणि बाजूला बारीक ३७-६२२ असं होतं. बारीक आकडा जास्त खरा. त्यातली पहिली संख्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि दुसरी रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. ६२२ म्हणजे ७००सी, आणि ज्याला ट्वेंटीनायनर म्हणतात तोही हाच. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची, ५५९ म्हणजे सव्वीस इंची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल. अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीला ६३५. मडगार्ड टायरपेक्षा साधारण १० मिलिमीटर रुंद हवं. ३५-३७च्या टायरला ४५ ते ४७चं मडगार्ड. त्याहून अरुंद घेतलं तर पाणी दोन्ही कडांवरून गळतं.

दुसरी गोष्ट, टायर आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, यांच्यातली मोकळी जागा. पुढच्या चिमट्याचे दोन पाय जिथे वर एकत्र येतात, तिथे टायरच्या वर तुमची करंगळी जाते का? गेली तर पूर्ण मडगार्ड बसेल. नाही गेली तर एक तर टायर बारीक करा, नाहीतर अर्ध्या मडगार्डवर समाधान माना. रेसिंग सायकलींत बहुधा जातच नाही.

तिसरी, भोकं. चाकाचा एक्सल जिथे बसतो त्याच्या अगदी जवळ फ्रेमला आणि चिमट्याला छोटी आट्यांची भोकं असतात, दोन्ही बाजूंना. बऱ्याच हायब्रिडना असतात, फक्त रंगाने किंवा मातीने बुजलेली असतात. टूथपिकने कोरून बघा.

चौथी, वरच्या जागा. चिमट्याच्या माथ्यावर आरपार भोक आहे का? मागे सीटच्या खाली दोन नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी, आणि पायडलच्या मागे तशीच दुसरी, यांना भोक आहे का? भाचीच्या सायकलीला तिन्ही होती. नशीबवान.

काय घ्यायचं

सीटला लटकणारं, क्लिपचं, आणि सळयांचं पूर्ण (चाकावरून गोल जाणारं, एक्सलपाशी सळयांनी धरलेलं), असे ढोबळ तीन प्रकार. रोज ऑफिसला किंवा कॉलेजला सायकलनेच जायचं असेल तर पूर्ण मडगार्ड घ्या, विषय संपला. क्लिपचं काही शे रुपयांत येतं, चांगल्या कंपनीचा पूर्ण सेट काही हजारांत जातो, आणि मधल्या भावात भारतीय सायकल कंपन्यांचे प्लॅस्टिकचे पूर्ण सेट मिळतात, तेही चालतात. फक्त घेताना सळया हातात धरून वाकवून बघा. हाताने सहज वाकल्या तर स्पीडब्रेकरवर थडथडणार. आणि प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी सळया हव्यात. एकाच बाजूची सळई असलेलं मडगार्ड मला अजून कुणाकडे पावसाळाभर शांत राहिलेलं दिसलं नाही.

पुढच्या चाकाच्या मडगार्डमध्ये आणखी एक बघायचं: सळई जिथे चिमट्याला बसते तिथे प्लॅस्टिकची एक टिचकी असते का, जी जोराने ओढल्यावर सुटते. जर्मनीच्या एसकेएस कंपनीच्या सेटमध्ये ती असते, आता इतरही देतात. ती का हवी ते पुढे येईल. ती शोभेची नाही एवढं लक्षात ठेवा.

हत्यारं

४ आणि ५ नंबरची एल-की, ८ आणि १० नंबरचा पान्हा, पक्कड, हॅक्सॉ ब्लेड, कानस, मार्कर. नटाचं चाक असेल तर १५चा पान्हा. शिवाय खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून एम-५चे (५ मिलिमीटर जाडीचे) स्टीलचे बोल्ट १५ आणि २५ मिलिमीटर लांबीचे, आतून नायलॉनचं कडं असलेले नट आणि मूठभर वायसर. सेटसोबत आलेले बोल्ट बहुतेक वेळा पहिल्याच पावसात गंजतात. स्टेनलेसचे घ्या, फार तर पन्नास-शंभर रुपये जातात.

बसवायला बसू

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही मांडामांड केली. दोन कामं आधी उरकायची. टायरमध्ये रोजची हवा भरायची, कारण मऊ टायरवर माप घेतलं तर नंतर फुगलेला टायर घासतो. आणि चाक फिरवून बघायचं. डावीकडे-उजवीकडे डुलत असेल तर आधी मेकॅनिककडून आउट काढून घ्या. आउट असलेल्या चाकावर मडगार्ड सरळ बसवणं म्हणजे डुगडुगत्या टेबलावर कॅरम खेळणं.

पुढच्यापासून सुरुवात. व्ही-ब्रेक (टायरच्या दोन्ही बाजूंना उभे दोन हात असलेला) असेल तर ब्रेकची वाकडी नळी सोडवा, म्हणजे फुगलेला टायर ब्रेकमधून निघतो. चाक काढा. मडगार्ड खालून चिमट्यात सरकवा. त्याची लांब बाजू मागे, पायडलकडे. हसू नका, उलटं बसवलेलं मी पाहिलंय, तेही दुकानातून बसवून आणलेलं. मडगार्डला वर एक पत्र्याचा कोन असतो, तो चिमट्याच्या मागच्या बाजूने माथ्यावरच्या भोकाशी आणून बोल्ट आरपार घाला, वायसर, नट, आणि हातानेच पिळा. पान्हा अजून खिशात. बाजूने ओढायचा जुन्या पद्धतीचा ब्रेक असेल तर ब्रेकचा मधला बोल्टच त्या भोकातून जातो. मग कोन त्याच बोल्टवर चढवायचा.

चाक परत घाला, ब्रेकची नळी अडकवा. ही नळी अडकवायला विसरणं हा या कामातला सगळ्यात महागडा विसर आहे, म्हणून लगेच ब्रेक दाबून बघा.

आता सळया. खालची टोकं एक्सलजवळच्या भोकात बोल्टने हलकी अडकवा. वरची टोकं मडगार्डवरच्या कड्यांतून सरकतात. ती आत-बाहेर सरकवत मडगार्ड टायरच्या गोलाईशी जुळवायचं. इथे घाई नको, अर्धा तास गेला तरी चालेल.

"सगळीकडे सारखी फट ठेवायची ना?" भाचीने विचारलं.

जवळपास सारखी, पण अगदी तशी नाही. पुढच्या चाकाचा टायर मडगार्डमध्ये शिरतो तो मागच्या खालच्या टोकाकडून, वर चढतो आणि पुढच्या टोकातून बाहेर पडतो. शिरायच्या जागी फट कमी आणि निघायच्या जागी जास्त ठेवली, तर शिरलेला खडा पुढे जाता जाता सुटतो. उलट केलं, म्हणजे शिरताना रुंद आणि पुढे अरुंद, तर नरसाळ्यासारखं होतं: आत सगळं येतं आणि नेमकं वर, चिमट्याच्या माथ्याशी अडकतं. म्हणून खालच्या टोकाशी एक सेंटिमीटरभर, आणि वर-पुढे त्याहून किंचित जास्त. एक सेंटिमीटरपेक्षा कमी कुठेच नको. आपल्या रस्त्यांवरची खडी तेवढी बारीक नसते.

मग समोर उकिडवं बसून एक डोळा मिटून बघा. टायर मडगार्डच्या बरोबर मध्ये दिसतोय? एका बाजूला झुकलं असेल तर त्या बाजूची सळई थोडी बाहेर, दुसरी थोडी आत. जुळलं की आधी माथ्यावरचा बोल्ट घट्ट, मग सळयांचे, एकदा डावा, एकदा उजवा. चाक फिरवा, कान द्या. काहीच ऐकू आलं नाही पाहिजे.

सळयांची जादा टोकं कड्यांच्या बाहेर भाल्यासारखी आलेली दिसतील. ती कापायचीच, पोटरीला लागतात. पण सगळं पक्कं झाल्यावर. मार्करने खूण करा, सळई काढून हॅक्सॉने कापा, कानसीने टोक गोल करा, रबरी टोपी चढवा. जागच्या जागी पक्कडीने कापायचा मोह होतो. त्याने टोक धारदार राहतं आणि मडगार्डही हिसका खाऊन जागेवरून हलतं.

मागचं याच पद्धतीने, म्हणून भरभर. चाक काढून मडगार्डचं पुढचं टोक पायडलच्या मागच्या आडव्या पट्टीला बोल्टने लावा, भोक नसेल तर झिप-टायने. वरचा पत्र्याचा कोन सीटखालच्या पट्टीशी. सळया एक्सलजवळच्या भोकांत. पण दोन गोष्टींकडे डोळे उघडे ठेवा. उजव्या बाजूला, म्हणजे चेनच्या बाजूला, बोल्टचं टोक आतल्या बाजूने बाहेर येता कामा नये. ते एक-दोन आटे जरी आत डोकावलं तरी सगळ्यात छोट्या गिअरवर चेन त्याला कडकड घासते, आणि लोक महिनाभर गिअरलाच दोष देत बसतात. आखूड बोल्ट लावा, किंवा बाहेरून एक जादा वायसर. दुसरं, कॅरियर आणि मडगार्ड एकाच भोकात लावायचं असेल तर कॅरियरचा पाय फ्रेमला लागून आत, मडगार्डची सळई बाहेर. वजन घेणारी वस्तू फ्रेमला चिकटलेली हवी. इथे २५चा बोल्ट लागतो.

टिचकीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी, रात्रभर वादळी पाऊस होऊन गेलेल्या एका सकाळी प्रभात रोडवरून जात होतो. रस्ताभर गुलमोहराच्या पाकळ्या आणि फांद्यांचे तुकडे. बोटाएवढी एक काटकी टायरने उचलली आणि पुढच्या मडगार्डमध्ये नेली. 'टक' असा आवाज झाला, सळई चिमट्यापासून सुटून लोंबायला लागली, मी पाय टेकून थांबलो. बस, एवढंच झालं.

ती टिचकी नसती तर काटकी मडगार्डला वर ओढत गेली असती, मडगार्ड माथ्याशी चुरगळून चाक जागीच अडकलं असतं, आणि मी हँडलवरून पुढे. घट्ट पक्क्या सळयांच्या पुढच्या मडगार्डाचा हा खरा धोका आहे. म्हणून टिचकी सैल वाटते म्हणून तिला झिप-टायने बांधून टाकू नका. बसवून झाल्यावर सळई जोराने ओढून ती सुटते की नाही हे तपासा, आणि परत बसवा. तुमच्या सेटमध्ये ती नसेल तर फट जरा मोठी ठेवा आणि फांद्या पडलेल्या रस्त्यावर हळू जा. चाकातून खरखर आली की पायडल मारत राहू नका. थांबा, चाक उलटं फिरवा, अडकलेलं बाहेर येतं.

फ्लॅप

आता खरी मजा. विकतचं मडगार्ड, अगदी पूर्ण सुद्धा, पुढच्या चाकाला थोडं आखूडच असतं. खालचं टोक जमिनीपासून वीतभर तरी वर राहतं, आणि पायांकडे जाणारं पाणी त्याच वीतभरातून जातं. इथे फ्लॅप, म्हणजे मडगार्डच्या टोकाला लोंबणारा लवचिक तुकडा, लागतो.

तो विकत घ्यायची गरज नाही. मी आजवर तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं प्लॅस्टिक, ट्रकची फाटकी ट्यूब आणि गाडीतलं जुनं रबरी पायपुसणं, असं सगळं वापरून पाहिलंय. प्लॅस्टिक थंडीत कडक होऊन चिरतं. ट्यूब फार लुळी, वेगात मागे उडते. पायपुसणं झकास. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिकडे रबरी शीटचा तुकडाही मिळतो.

आकार असा काढायचा: वर मडगार्डएवढा रुंद, खाली दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर पसरट, हाताच्या पंख्यासारखा. वर मडगार्डच्या आतून तीन-चार सेंटिमीटर चढेल एवढी जागा ठेवा. मडगार्डला दोन भोकं, दोन बारीक बोल्ट, आतल्या बाजूला बोल्टचं चपटं डोकं आणि बाहेर मोठा वायसर व नट. उलट लावलं तर नट टायरकडे येतो. खालची कड जमिनीपासून पाच ते आठ सेंटिमीटरवर. फुटपाथवर सायकल चढवताना तो दुमडला पाहिजे, तुटला नाही पाहिजे, म्हणून रबर.

भाचीला हे जरा गावठी वाटलं. "मामा, एसटीच्या मागे असतं तसं दिसतंय." मी म्हटलं, हो, आणि एसटी उगाच लावत नाही. मग तिनेच त्यावर पांढऱ्या रंगाने मांजर काढलं, आणि तक्रार संपली.

मागच्या चाकालाही फ्लॅप लावा. तो तुमच्यासाठी नाही, तुमच्या मागून येणाऱ्यासाठी. रविवारी सकाळी सिंहगड रोडने खडकवासल्याकडे घोळक्याने जाता ना, तिथे बिनफ्लॅपच्या माणसाच्या मागे कुणी राहायला तयार नसतं.

पास की नापास

सायकल वीतभर उचलून सोडा. खडखडलं तर बोल्ट शोधा. भाचीच्या सायकलीत खडखड आली, दोघांनी मिळून सगळे बोल्ट तपासले, शेवटी कॅरियरवरच्या डब्यातला चमचा निघाला.

मग पायडल आडवं करून, बूट घालून, हँडल पूर्ण वळवा. बुटाचं टोक मडगार्डला लागतं का? छोट्या फ्रेमला हमखास लागतं, हिच्याही लागलं. घाबरायचं कारण नाही, वेगात हँडल एवढं कधी वळत नाही. पण सिग्नलला हळू हळू यू-टर्न घेताना लागतं आणि माणूस आडवा होतो. अशा वेळी वळताना बाहेरच्या बाजूचा पाय मागे ठेवायची सवय लावा. पार्किंगमध्ये पाच-सहा चकरा मारल्या की जमतं.

शेवटची परीक्षा पाण्याची. वॉचमनकाका पाइपने पार्किंग धूत होते, त्यांना एक कोपरा ओलाच ठेवायला सांगितला. भाचीने तिथून दहा फेऱ्या मारल्या. बूट कोरडे, पाठ कोरडी, डाव्या पोटरीवर चार शिंतोडे. म्हणजे मडगार्ड किंचित उजवीकडे सरकलंय. डावी सळई दोन मिलिमीटर हलवली, शिंतोडे बंद.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत एकदा आवळा. आपल्याकडे सायकल ट्रॅकवरचे पेव्हर ब्लॉकच एवढे हादरवतात की नवे बोल्ट सैल होतातच. त्यानंतर नायलॉनचे नट पावसाळा काढतात.

ज्यांच्या सायकलीला भोकंच नाहीत

एक्सलजवळ भोक नसेल तर पी-क्लिप मिळते: आत रबर असलेली छोटी पट्टी, चिमट्याच्या पायाभोवती गुंडाळून बोल्टने आवळायची. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या नळीवर ठीक. कार्बनच्या चिमट्यावर आवळू नका, तिथे क्लिपचंच मडगार्ड बरं.

पुढे सस्पेन्शन असेल तर पूर्ण मडगार्डचा नाद सोडा. चिमट्याचा खालचा भाग वरखाली होतो, माथा होत नाही, सळया बसणार कशाला? अशांसाठी स्टिअरिंगच्या नळीत खालून खोचायचं मडगार्ड येतं. ते चाकाच्या वर उंचावर राहतं, पाय काही कोरडे राहत नाहीत. सोबत फ्रेमच्या खालच्या नळीला प्लॅस्टिकची एक ढाल बांधा. त्याने चेन आणि बेअरिंग तरी वाचतं.

डिस्क ब्रेकवाल्यांची अडचण वेगळी. डाव्या बाजूला ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारा भाग, नेमकं सळईच्या वाटेत येतं. भोक आणि सळई यांच्या मध्ये एक-दीड सेंटिमीटरचं नळीसारखं बुशिंग घालून लांब बोल्ट लावला की सळई कॅलिपरच्या बाहेरून जाते. मडगार्ड सरळ राहण्यासाठी उजव्या बाजूलाही तेवढंच बुशिंग घाला. सळई वाकवून काम भागवणारे मेकॅनिक भेटतील, तेही चालतं. फक्त वाकलेली सळई डिस्कला लागत नाही ना हे ब्रेक दाबून, सोडून, चाक फिरवून बघा.

आणि घरात आजोबांची काळी सायकल असेल तर तुमचं निम्मं काम झालेलंच आहे. सळया एक्सलच्या नटाखाली दाबलेल्या असतात, ते नट घट्ट करा. लोखंडी मडगार्डच्या कडा आत दुमडलेल्या असतात, त्या खोबणीत माती साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो. काडीने कोरून काढा, वाळवा, आतून जुन्या तेलाचा हात फिरवा.

पावसात

मडगार्ड रस्त्यावरचं पाणी अडवतं, आभाळातलं नाही. रेनकोट लागणारच. चेनला आठवड्यातून एकदा पुसून तेल द्या.

टेकडीवर मात्र हे मडगार्ड घेऊन चिखलात जाऊ नका. वेताळ टेकडीवरच्या पायवाटांची ओली माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक फिरत नाही. डांबरी आणि सिमेंटचे रस्ते एवढाच त्याचा प्रांत.

तुंबलेल्या पाण्यात मडगार्ड असलं काय, नसलं काय. खाली खड्डा आहे की उघडं झाकण, कळत नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो हे पुण्यात नव्याने आलेल्यांना माहीत नसतं, आणि पलीकडे डेक्कन अगदी समोर दिसत असतं. भाचीला मी दाखवून आणलं: पुलावर पाणी असेल तर लकडी पुलाने जायचं, दहा मिनिटं उशीर झाला तर होऊ दे.

घरी आल्यावर महिन्यातून एक-दोनदा पाण्याचा पाइप मडगार्डच्या आत धरा. बाहेरून सगळे पुसतात, चिखलाचा थर आत असतो आणि फट खात जातो. सप्टेंबर संपला तरी काढू नका. ऑक्टोबरच्या धुळीत त्याचं ओझं होत नाही, आणि एकदा काढलेलं मडगार्ड पुढच्या जूनमध्ये माळ्यावर सापडत नाही.

सीटखालच्या पिशवीत एम-५चा एक जादा बोल्ट, नट आणि दोन झिप-टाय ठेवा. माझा जादा बोल्ट गेल्या जुलैत एका मित्राच्या मडगार्डला लागला. तो अजून तिथेच आहे, आणि मित्र म्हणतो, आता काढला तर मडगार्ड वाजेल.